वेगात असतानाही लाल दिवा मंद पेटतो: जुन्या गाडीतला चार्जिंगचा दोष

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६४ सालची ब्रिटिश बनावटीची गाडी, मूळचा डायनॅमो (फॅनबेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र) आणि वेगळा कंट्रोल बॉक्स (त्या विजेला आवर घालणारी पेटी) अजून जागेवर. चार-पाच दिवसांत बॅटरी उतरते. इंजिन वेगात असतानाही चार्जिंगचा लाल दिवा अगदी मंद पेटलेला असतो आणि हेडलाइट लावले की तो जरा ठळक होतो. बॅटरी नवी घातली, डायनॅमोचं आर्मेचर (आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) नव्याने भरून घेतलं, तरी फरक नाही. आता हे सगळं काढून अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी येणारं, जास्त करंट देणारं यंत्र) बसवावा का?

आत्ता बसवू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांतच दोषाचा पत्ता बराचसा लिहिलेला आहे, आणि तो पत्ता डायनॅमोचा वाटत नाही. आज अल्टरनेटर बसवलात तर त्याचा जास्तीचा करंट त्याच कमजोर सांध्यातून जाईल, आणि जो सांधा आज कोमट होतोय तो उद्या जळेल.

आधी तो दिवा काय सांगतो ते पाहू. डायनॅमो फिरतोय की नाही हे सांगणारा दिवा, अशी बहुतेकांची समजूत असते. खरं म्हणजे त्या बल्बचं एक टोक इग्निशन स्विचमार्गे बॅटरीच्या बाजूला आणि दुसरं डायनॅमोच्या 'डी' टर्मिनलला, म्हणजे जिथून त्याची वीज बाहेर येते तिथे, जोडलेलं असतं. इंजिन बंद आणि चावी चालू असताना एका टोकाला १२ व्होल्ट, दुसऱ्याला शून्य, म्हणून तो लख्ख पेटतो. डायनॅमो व्होल्टेज देऊ लागला की दोन्ही टोकं सारख्या पातळीवर येतात आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा फक्त दोन बाजूंतला फरक दाखवतो. डायनॅमो अजिबात बनवत नसता तर वेगातही दिवा पूर्ण पेटला असता. तुमचा मंद पेटतो, म्हणजे फरक दोन-तीन व्होल्टचाच आहे. डायनॅमो बनवतोय, पण बनलेलं बॅटरीपर्यंत पूर्ण पोचत नाही. हेडलाइट लावल्यावर करंट वाढतो, वाटेतल्या अडथळ्यावर जास्त व्होल्ट सांडतात, म्हणून दिवा ठळक होतो. हिशोब जुळतो.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवायचा. कधीकधी चार्जिंग ठणठणीत असतं आणि व्होल्ट सांडतात ते इग्निशन स्विचच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टवर किंवा त्याला पुरवठा करणाऱ्या तपकिरी वायरच्या सांध्यावर. तेव्हाही दिवा असाच मंद पेटतो, कारण बल्बची चावीकडची बाजू खाली गेलेली असते. पण मग बॅटरी उतरत नाही. तुमची उतरते, म्हणून माझा पहिला संशय कंट्रोल बॉक्समधल्या 'डी' ते 'ए' या वाटेवर आहे ('डी'वर डायनॅमोची वीज येते, 'ए'वरून ती बॅटरीकडे जाते). खात्री मात्र मीटरनेच करायची.

मोजण्याआधी बॅटरी गाडीबाहेर काढून चार्जरवर पूर्ण भरून घ्या. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे फसवतात. उतरलेली बॅटरी व्होल्टेज खाली खेचून धरते आणि चांगला रेग्युलेटरही (कंट्रोल बॉक्समधला व्होल्टेज आवरणारा भाग) नादुरुस्त भासतो. चार्जर काढल्यावर काही तास तशीच राहू द्या, मग मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. रात्रभर थांबून १२.४ च्या खाली येत असेल तर नवी असली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका. अर्धवट भरलेली आठवडेच्या आठवडे राहिलेली बॅटरी सल्फेट धरते, मग ती कधीच पूर्ण भरत नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) जास्त खरं बोलतो. भरलेल्या सेलची घनता १.२७० ते १.२८० असते आणि सहाही सेल एकमेकांच्या जवळपास हवेत. एकच सेल मागे पडलेला दिसला तर चार्जिंगच्या मागे लागू नका, बॅटरी गेली. शेवटी सेल्फ मारताना मीटर बॅटरीच्या खांबांवर धरा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे, किंवा स्टार्टर जास्त ओढतोय.

बॅटरी चार-पाच दिवसांत उतरते म्हणता, तर गाडी उभी असताना काही गळतंय का हेही बघून टाका. सगळं बंद करून बॅटरीची अर्थची केबल सोडा आणि खांब व केबल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर ठेवून जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर क्षणात जाईल. या काळातल्या गाडीत घड्याळ सोडलं तर उभ्या गाडीत काहीच चालत नसतं, त्यामुळे वाचन शून्याजवळच हवं. काही शे मिलीअँपिअर दिसले तर एकेक वायर सोडत जा. ज्या वायरला वाचन पडेल तिथे गळती. डिकीतला किंवा बॉनेटखालचा न विझणारा दिवा हे नेहमीचं कारण.

फॅनबेल्ट दोन पुलींच्या मधल्या सर्वांत लांब भागात अंगठ्याने दाबला तर साधारण १२ मिलिमीटर दबायला हवा. कडा चकाकत असतील तर बदला. वाजतो म्हणून फार ताणू मात्र नका, डायनॅमोचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग त्यानेच जातं.

आता डायनॅमो. तो भरून आलाय, पण 'दुरुस्त करून दिला' यावर काही ठरवायचं नाही. याची तपासणी जुन्या कारखानदारी पुस्तिकांत दिलेली आहे आणि आजही तिच्याइतकी सोपी दुसरी नाही. इंजिन बंद ठेवून डायनॅमोवरच्या 'डी' आणि 'एफ' या दोन्ही वायरी काढा. जाड पिवळी 'डी'ची, पिवळी-हिरवी 'एफ'ची, म्हणजे फील्ड कॉइलची (डायनॅमोत चुंबकत्व तयार करणारं स्थिर वेटोळं). डायनॅमोची दोन्ही टर्मिनलं एका छोट्या वायरने एकमेकांना जोडा आणि मीटर त्या जोडावर व डायनॅमोच्या अंगावर लावा. इंजिन सुरू करून वेग हळूहळू वाढवा, साधारण १,००० आरपीएमपर्यंत. मीटर सरळ, न थरथरता चढला पाहिजे. २० व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नका. या जोडणीत रेग्युलेटर मध्ये नसतो, त्यामुळे इंजिन रेस केलं तर डायनॅमो स्वतःलाच जाळून घेतो.

मीटर काहीच दाखवत नसेल तर कार्बन (आर्मेचरवर टेकणारे ब्रश) अडकलेत किंवा संपलेत. अर्धा ते एक व्होल्ट आला तर फील्ड कॉइल तुटलेली आहे, कारण तेवढं व्होल्टेज लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाचं असतं. चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचरचं वाइंडिंग. फील्ड कॉइलचा रोध ओहममीटरने सहज बघता येतो. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या सी४० जातीच्या डायनॅमोत तो साधारण ६ ओहम असतो. कम्युटेटरच्या (आर्मेचरवर कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या भागाच्या) पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या खाली खरवडलेला आहे ना, तेही बघा. तो वर आला की कार्बन उड्या मारतात आणि वेगात चार्जिंग गळतं. डायनॅमोच्या कवचात आतून चांदीसारखे शिंतोडे दिसले तर आर्मेचर कधीतरी इतकं तापलंय की सांध्यांचं सोल्डर वितळून बाहेर फेकलं गेलंय.

भरून आलेल्या डायनॅमोबाबत एक प्रश्न मुद्दाम विचारतो: गाडीत जोडण्याआधी तो पोलराइझ केला होता का, म्हणजे त्याचं चुंबकत्व गाडीच्या अर्थप्रमाणे योग्य दिशेला आणलं होतं का? त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बॉडीला जोडलेला. दुरुस्तीच्या टेबलावर डायनॅमो उलट्या दिशेने चुंबकित झाला आणि तसाच गाडीत लावला, तर कटआऊट (डायनॅमो पुरेसे व्होल्ट देऊ लागला की त्याला बॅटरीशी जोडणारा कंट्रोल बॉक्समधला स्विच) मिटल्याबरोबर डायनॅमो आणि बॅटरी एकमेकांविरुद्ध राहण्याऐवजी एकापुढे एक जोडल्यासारखे होतात. प्रचंड करंट वाहतो आणि कटआऊटचे पॉइंट काळे पडतात, कधी चिकटतात. नंतर कोणी पोलॅरिटी दुरुस्त केली तरी जळलेले पॉइंट तसेच राहतात. तुमच्या गाडीत तसं झालं असणं मला पुरेपूर शक्य वाटतं. पोलराइझ करणं क्षणाचं काम आहे. 'एफ'ची वायर डायनॅमोवरून काढा, आणि बॅटरीचा जो खांब अर्थ नाही त्याच्यापासून एक वायर आणून डायनॅमोच्या 'एफ' टर्मिनलला दोन-तीनदा नुसती टेकवून उचला. बारीक ठिणगी पडेल. 'एफ'ची वायर डायनॅमोवर जोडलेली ठेवून हे करू नका.

डायनॅमो पास झाला की खरं काम सुरू. वायरी जागेवर लावा, भरलेली बॅटरी, इंजिन २,००० आरपीएमच्या आसपास, हेडलाइट चालू. मीटर व्होल्टवर ठेवा आणि एक टोक कंट्रोल बॉक्सच्या 'डी'वर, दुसरं 'ए'वर धरा. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सोडून देतो. दीड-दोन व्होल्ट दिसले तर दोष तुमच्या बोटाखाली आहे. मग एक टोक डायनॅमोच्या 'डी'वर आणि दुसरं बॉक्सच्या 'डी'वर. मग बॉक्सचा 'ए' ते बॅटरीचा खांब. खांब म्हणजे खांबच, क्लॅम्प नव्हे, कारण क्लॅम्प आणि खांब यांच्यातली पांढरी-हिरवी साय हाच अनेकदा अडथळा असतो. 'ए'पासून निघालेली जाड तपकिरी वायर स्टार्टर सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) बॅटरीकडच्या नटावर येते, तो नट वर्षानुवर्षं कोणी हलवलेला नसतो. तिथला गंज घासल्यावर गाडी सुधारल्याची उदाहरणं मी नवी वायरिंग टाकून सुधारलेल्या गाड्यांपेक्षा जास्त पाहिलीत.

बंद गाडीत ओहममीटर लावून हे कळत नाही. एका वायरीत तीस तारा असतील आणि त्यातली एकच शाबूत असेल, तरी ओहममीटर 'सगळं ठीक' म्हणतो. २० अँपिअर वाहायला लागले की तीच तार तापते आणि व्होल्ट सांडते. म्हणून लोड चालू ठेवूनच मोजायचं.

परतीची वाट विसरू नका. हेडलाइट तसेच चालू ठेवून मीटर डायनॅमोचं अंग आणि बॅटरीचा अर्थचा खांब यांच्यात धरा. पाव व्होल्टच्या वर गेला तर इंजिन ते बॉडी जाणारी वेणीची अर्थ पट्टी, किंवा बॉडीला लागलेली बॅटरीची केबल, यांपैकी काहीतरी सैल किंवा गंजलेलं आहे. पट्टी पूर्ण तुटली की करंट मिळेल त्या धातूतून परत जातो: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर दुसरा पुरावा नको.

याच्याच जोडीचा, पण जास्त धोक्याचा दोष कंट्रोल बॉक्सच्या स्वतःच्या अर्थचा. बॉक्सवरचं 'ई' टर्मिनल बॉडीला पक्कं जोडलेलं नसेल तर रेग्युलेटरच्या कॉइलला किती व्होल्ट झाले हे कळायला मार्गच उरत नाही. डायनॅमो बेलगाम सुटतो, बॅटरी उकळते, बल्ब उडतात. नुकत्याच रंगवलेल्या गाड्यांत हे हमखास, कारण बॉडीवरच्या त्या स्क्रूखाली आता जाड रंग असतो. पुनर्बांधणी करणाऱ्यांनी चकाकीइतकीच काळजी या एका स्क्रूखालच्या उघड्या पत्र्याची घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

'डी' ते 'ए' मध्ये फरक सापडला तर कंट्रोल बॉक्स उघडायचा. आधी बॅटरीची अर्थ केबल सोडा. 'ए' टर्मिनल कायम जिवंत असतं आणि त्याच्या आणि बॅटरीच्या मध्ये फ्यूज नसतो, स्क्रूड्रायव्हर घसरला तर वायरिंग पेटते. आत दोन कॉइल दिसतील तर तो आरबी१०६ जातीचा. एक रेग्युलेटर, एक कटआऊट. तीन असतील तर आरबी३४०, त्यात करंटचा रेग्युलेटर वेगळा असतो. कटआऊटचे पॉइंट बारीक काचपेपरच्या पट्टीने साफ करायचे, एमरी किंवा कार्बोरंडम अजिबात नाही, कारण ते मऊ धातूत रुतून बसतं. रेग्युलेटरच्या पॉइंटना उलट बारीक कार्बोरंडमचा दगड किंवा सिलिकॉन कार्बाइडचा कागद चालतो. दोन्हींना एकच कागद लावणारे पुष्कळ भेटतात. नंतर स्पिरिटने पुसून घ्या. मग बॉक्सच्या मागच्या रिव्हेटकडे बघा. टर्मिनलची पितळी पट्टी आणि आतली फ्रेम जोडणारे रिव्हेट जुने झाले की सैल होतात, आणि पॉइंट चकाचक असूनही व्होल्ट तिथे सांडतात. तिथे सोल्डरचा छोटा पूल दिला की काम होतं.

आणि स्क्रू फिरवण्याची घाई करू नका. आरबी१०६ची सेटिंग बॅटरी जोडलेली असताना बघतच नाहीत. 'ए' आणि 'ए१' (बॉक्सवरून गाडीच्या बाकी लोडकडे जाणारं टर्मिनल) वरच्या वायरी काढून एकमेकींना जोडतात, मीटर 'डी' आणि अर्थ यांच्यात, आणि २० अंश सेल्सिअसला १६.० ते १६.६ व्होल्ट बघतात. हा आकडा पाहून लोक घाबरतात आणि स्क्रू सैल करून १४ वर आणतात. तो बिनलोडचा आकडा आहे. लोड आल्यावर रेग्युलेटरवरची मालिकेतली कॉइल तो आपोआप खाली आणते. बिनलोड १४ ठेवलात तर बॅटरी कधीच भरणार नाही. सगळं तीसेक सेकंदांत उरकायचं, नाहीतर कॉइल तापून सेटिंग खोटी पडते. कटआऊट १२.७ ते १३.३ व्होल्टला मिटलं पाहिजे. इंजिन बंद केल्यावर ते उघडलं पाहिजे हे जास्त महत्त्वाचं. अमीटर (करंट दाखवणारा मीटर) असेल आणि इंजिन थांबताच काटा उलट टोकाला जाऊन तिथेच राहिला, तर पॉइंट चिकटलेत आणि बॅटरी डायनॅमोला मोटरसारखी चालवायला बघतेय. ताबडतोब बॅटरीची केबल उचला, बाकी विचार नंतर.

आता अल्टरनेटरचा प्रश्न. तो बसवावा का हे दोषावरून ठरवू नका, गरजेवरून ठरवा. सी४०-१ डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. आयडलवर जवळपास काहीच नाही. हेडलाइटला ८, टेल आणि साइड दिव्यांना २, इग्निशन कॉइलला ३ ते ४, वायपरला ३, हीटरच्या पंख्याला आणखी ३ ते ४ धरा. रात्री पावसात बॅटरीच्या वाट्याला फारसं उरतच नाही. दिवसा, मोकळ्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला डायनॅमो आयुष्यभर पुरतो. रात्री गर्दीत चालवायची असेल, इलेक्ट्रिक फॅन किंवा हॅलोजन लावायचे असतील, तर अल्टरनेटर योग्य. मात्र बहुतेक अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे असतात, त्यामुळे गाडीची पोलॅरिटी बदलावी लागते. मूळ अमीटर आणि 'ए'ची वायर डायनॅमोच्या करंटसाठी आहेत, अल्टरनेटरची आउटपुट वायर नवी, जाड आणि थेट सोलेनॉइडपर्यंत न्या.

ज्यांच्या गाडीत आधीच अल्टरनेटर आहे त्यांच्यासाठी थोडंसं. तिथे लाल दिवा नुसता सूचक नाही, त्याच्यातून जाणाऱ्या करंटने रोटर (अल्टरनेटरमधला फिरणारा भाग) पहिल्यांदा चुंबकित होतो. बल्ब उडाला किंवा कोणी एलईडी लावला की अल्टरनेटर उठतच नाही, किंवा एकदा जोरात रेस केल्यावर उठतो. म्हणून चावी चालू केल्यावर दिवा पेटत नसेल तर अल्टरनेटर काढण्याआधी तो बल्ब बघा. १५एसीआर ते १८एसीआर या लुकास मालिकेत २.२ वॉटचा लागतो. चार्जिंगला बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीच्या खांबांवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलाय. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर डायोडमधून बॅटरी गळतेय. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून 'चार्जिंग आहे का' बघण्याची सवय अल्टरनेटरच्या गाडीत कायमची सोडा. त्या क्षणी उसळणारा व्होल्टेज डायोड आणि रेग्युलेटर दोन्ही नेतो.

तुमच्याकडून मला हेडलाइट लावून घेतलेली चार वाचनं हवीत: डायनॅमोचा 'डी' ते बॉक्सचा 'डी', बॉक्सचा 'डी' ते 'ए', 'ए' ते बॅटरीचा खांब, आणि डायनॅमोचं अंग ते अर्थचा खांब. शिवाय 'डी'-'एफ' जोडून १,००० आरपीएमला किती व्होल्ट आले तेही. बॉक्सवर आरबी१०६ आहे की आरबी३४० हे त्याच्या पत्र्यावर ठोकलेलं असतं, तेही कळवा, कारण आरबी३४० असेल तर बिनलोडची सेटिंग वेगळी आहे आणि ती करण्याची पद्धतही.